हवेचा जोर आणि हवेचा दम

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

घरच्या घरी सुतारकाम करणारी मंडळी आता बरीच दिसू लागली आहेत. कुणी निवृत्तीनंतर गच्चीवरच्या खोलीत बाक मांडतो, कुणी गाडी ठेवायच्या जागेत शनिवार-रविवार रंधा चालवत बसतो. मीही त्यांतलाच एक. त्यातून उमेदीची सगळी वर्षं यंत्रशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे या मित्रमंडळींचा एक प्रश्न माझ्याकडे हटकून येतो : "सर, कॉम्प्रेसर कुठला घेऊ?"

विचारणाऱ्याच्या हातात बहुधा दुकानातून आणलेला माहितीचा कागद असतो. त्यावर तीन आकडे ठळक असतात. दाब किती, मोटर किती हॉर्सपॉवरची आणि टाकी किती लिटरची. चौथा आकडा बारीक अक्षरांत असतो, कधी कधी नसतोच. यंत्र दर मिनिटाला किती हवा खरोखर बाहेर देतं, हे सांगणारा तो आकडा. पहिल्या आकड्याला मी हवेचा जोर म्हणतो आणि या चौथ्याला हवेचा दम. लोक जोर पाहून यंत्र घेतात आणि पुढे दम कमी पडतो. असं का होतं ते समजून घ्यायचं, तर माणसानं हवा दाबून कामाला कशी लावली त्याचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. लोहाराचा भाता. भाता वर उचलला की त्याच्या भोकावरची कातड्याची झडप उघडते आणि हवा आत येते. खाली दाबला की झडप मिटते. मग हवेला नळीतून विस्तवाकडे जाण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. आजच्या पिस्टनच्या कॉम्प्रेसरचं डोकं उघडून पाहिलंत, तर तिथंही हीच झडप दिसेल. कातड्याच्या जागी पोलादाची पातळ पट्टी असते, एवढाच फरक.

भात्याचा एक दोष मात्र लोहारांच्या फार पूर्वी लक्षात आला होता. भाता वर जात असताना विस्तवाला वारा मिळत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन भाते जोडीनं लावत. एक वर गेला की दुसरा खाली. लोखंड लाल व्हायचं तर जोराची एक फुंकर कामाची नसते, सतत वारा लागतो. हवेच्या दमाचा विचार इथूनच सुरू झाला.

अठराव्या शतकात लोखंडाच्या भट्ट्या मोठ्या झाल्या आणि कातड्याचे भाते अपुरे पडू लागले. जॉन स्मीटन या इंग्रज इंजिनिअरनं १७६० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या कॅरन इथल्या कारखान्यासाठी पाणचक्कीवर चालणारे ओतीव लोखंडाचे हवेचे सिलिंडर बनवले. १७७६ मध्ये जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदारानं जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन भट्टीला वारा घालण्यासाठी जुंपलं. वॉटच्या अगदी पहिल्या इंजिनांपैकी ते एक. या यंत्रांचा दाब बेताचाच असे. हवा मात्र ती भरपूर देत, आणि अखंड देत.

हवेचा हिशेब त्याआधीच, १६६२ मध्ये, रॉबर्ट बॉइल यानं मांडला होता. तापमान तेच ठेवून हवेचा दाब दुप्पट केला, तर तिला जागा निम्मी पुरते. शाळेत आपण सगळ्यांनीच हा नियम घोकलेला आहे. तो लक्षात असू द्या. दुकानात उभं राहून कॉम्प्रेसरची परीक्षा घेताना तो आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

तोवर हवेचं काम विस्तव फुलवण्यापुरतं होतं. तिच्याकडून पहारीचं काम करून घेण्याची वेळ एकोणिसाव्या शतकात आली. १८५६ मध्ये आपल्याकडे बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचं काम सुरू झालं. पंचवीस बोगदे खणायचे होते. छिन्नी, हातोडा, सुरुंगाची दारू आणि हजारो मजुरांचे हात यांच्या बळावर १८६३ मध्ये तो घाट पुरा झाला. अपघातांत आणि पटकीच्या साथींत किती माणसं गेली, त्याचा धड हिशेब नाही. पण हे बोगदे तुलनेनं आखूड होते. त्याच सुमारास, १८५७ मध्ये, फ्रान्स आणि इटलीच्या दरम्यान आल्प्स पर्वताच्या पोटातून एकच बोगदा खणायला घेतला गेला. त्याचं नाव माँ सनी. लांबी बारा किलोमीटरांहून अधिक, आणि डोक्यावर दीड किलोमीटरहून जास्त उंचीचा डोंगर. मधे कुठं उभी विहीर खणून आत हवा सोडण्याचीही सोय नाही. हातानं खणलं तर पंचवीस वर्षं लागतील, असा अंदाज होता.

आत वाफेचं यंत्र न्यावं, तर धुरानं माणसं गुदमरतील. यावर जर्में सोमेये या इंजिनिअरनं उपाय काढला. बोगद्याबाहेर डोंगरातून धो धो उतरणारं पाणी होतं. त्या पाण्याच्या शक्तीवर त्यानं हवा दाबली, ती नळांनी आत नेली आणि तिच्यावर खडक फोडणारे ड्रिल चालवले. १८६१ पासून हे ड्रिल कामाला लागले. यात दुहेरी फायदा झाला. ड्रिल चालवून सुटलेली हवा मजुरांना श्वासासाठी मिळू लागली. डिसेंबर १८७० मध्ये बोगद्याची दोन्ही टोकं डोंगराच्या पोटात भेटली, म्हणजे जेमतेम तेरा वर्षांत. सप्टेंबर १८७१ मध्ये बोगद्याचं उद्घाटन झालं. सोमेये मात्र त्याआधी दोनच महिने, जुलैमध्ये, वारला होता.

या बोगद्यातलं ड्रिल डोळ्यांसमोर ठेवा. ते एकदा सुरू झालं की सतत हवा पीत राहतं. अशा गिऱ्हाइकाला टाकीत साठवलेली हवा पुरत नाही, मागून येणारी धार तेवढीच मोठी असावी लागते.

आता दुसरं गिऱ्हाईक पाहा. या बोगद्याची हकिकत अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस नावाच्या तरुणाच्या वाचनात आली, असं सांगतात. इतक्या लांबवर नळानं हवेची शक्ती नेता येते, तर तिच्यावर आगगाडी का थांबवता येऊ नये, असं त्याच्या मनात आलं. तोवर गाडी थांबवायची म्हणजे माणसांनी डब्याडब्यांत हातानं ब्रेक आवळायचे. वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. १८७२ मध्ये त्यानं त्यात मोठी सुधारणा केली. प्रत्येक डब्याखाली एकेक लहान टाकी बसवली. नळातला दाब उतरला, मग तो चालकानं उतरवलेला असो की नळ तुटल्यामुळे उतरलेला, की डब्याखालच्या टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावते. आपल्या रेल्वेत पुष्कळ दशकं निर्वात ब्रेकची पद्धत होती. पुढं तिची जागा हवेच्या ब्रेकनं घेतली.

ब्रेक हे घोट घेणारं गिऱ्हाईक आहे. क्षणभर हवा घेतो आणि मग बराच वेळ मागत नाही. तेवढ्यात लहानसा पंप टाकी निवांत भरून ठेवतो. टाकीचा खरा उपयोग असा घोटाघोटानं मागणाऱ्यांसाठी.

ही दोन्ही गिऱ्हाइकं एकाच नळावर एकत्र आली ती पॅरिसमध्ये. १८८० च्या सुमारास व्हिक्टर पॉप यानं तिथं रस्त्यांखालून हवेचे नळ टाकले. सुरुवात घड्याळांपासून झाली. मध्यवर्ती केंद्रातून दर मिनिटाला हवेचा एक ठोका निघे आणि शहरभरच्या सार्वजनिक घड्याळांचे काटे एकेक मिनिट पुढं सरकत. जानेवारी १९१० मध्ये सीन नदीला मोठा पूर आला, केंद्रात पाणी शिरलं आणि ती सगळी घड्याळं एकदमच थांबली. घड्याळं म्हणजे घोट घेणारं गिऱ्हाईक. पण लवकरच लहान कारखानदारांनीही या नळांवर आपली यंत्रं जोडली. ही यंत्रं हवा अखंड पिणारी. त्यांच्यासाठी कंपनीला मोठमोठी नवी केंद्रं उभारावी लागली. हे हवेचं जाळं १९९४ पर्यंत चालू होतं.

तरीही बहुतेक कामांत विजेच्या मोटरनं हवेला मागं टाकलं. त्याचं कारण सायकलला हवा भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पंप तापतो. हवा दाबताना तिच्यातली उष्णता वाढते, टाकीत आणि नळात ती निवते, आणि आपण खर्च केलेली शक्ती तिच्याबरोबर उडून जाते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतली जेमतेम दहा-पंधरा टक्के शक्ती हत्याराच्या टोकाशी कामाला येते. म्हणून जे काम विजेच्या हत्यारानं नीट होतं, ते हवेवर करू नये. घरच्या सुताराला पॅरिसनं शिकवलेला हा पहिला धडा.

मग सुतारकामात हवेचं काम काय? त्याचाही इतिहास आहे. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो गावी डॉ. डीव्हिल्बिस यांनी रोग्याच्या घशात औषध फवारण्याचं उपकरण बनवलं. त्यांच्या मुलानं तेच तत्त्व घेऊन १९०७ मध्ये रंगाची स्प्रे गन तयार केली. १९२० च्या दशकात झटपट वाळणारं नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं. ते ब्रशनं सारखं करीपर्यंतच सुकू लागे, म्हणून फर्निचरच्या कारखान्यांत स्प्रे गन आवश्यक झाली. १९५० च्या दशकात हवेवर खिळे मारणारी हत्यारं आली. आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली आणि कॉम्प्रेसर इथं बनू लागले. आज घरच्या सुताराची हवेची कामं मुख्यतः तीनच : बारीक खिळे मारणं, पॉलिश फवारणं आणि हत्यारं साफ करणं. चौथं काम काही जण वाढवतात, ते म्हणजे हवेवर चालणारा सँडर.

आता हिशेब करू. समजा, पन्नास लिटरची टाकी आहे आणि यंत्राचा दम मिनिटाला शंभर लिटर, म्हणजे साधारण साडेतीन घनफूट आहे. बाजारात याला साडेतीन सीएफएम म्हणतात. टाकीतला दाब आठ बारवरून सहावर येईपर्यंत बॉइलच्या नियमानं शंभर लिटर मोकळी हवा मिळते. बारीक खिळ्याच्या गनला एका खिळ्यामागं लिटरभराच्या आसपास हवा लागते. म्हणजे शेकडा खिळे सहज मारून होतील, आणि मारता मारता टाकी भरतही राहील. पण सँडर मिनिटाला दहा घनफूट, म्हणजे २८३ लिटर हवा पितो. येणार शंभर, जाणार २८३. तूट १८३ लिटरांची. टाकीतले ते शंभर लिटर अर्ध्या मिनिटात संपतात. पुढं सँडर रडत फिरतो आणि मोटर तापते. "मग टाकी दुप्पट घेतो," असं लोक म्हणतात. दुप्पट टाकीनं अर्ध्या मिनिटाचं एक मिनिट होईल. बाकी काही बदलणार नाही.

स्प्रे गनही अखंड पिणाऱ्यांतली आहे. पुष्कळशा गनना आठ ते बारा सीएफएम लागतात. कमी हवेवर चालणाऱ्या, चार-पाच सीएफएमच्या गनही मिळतात. म्हणून आधी गन ठरवा, तिच्या कागदावरचा आकडा वाचा, आणि त्याच्या सव्वापट-दीडपट दम असलेला कॉम्प्रेसर पाहा. कॉम्प्रेसरच्या कागदावर 'डिस्प्लेसमेंट' हा आकडा मोठा दिसेल. तो पिस्टननं किती जागा झाडली त्याचा आकडा आहे. पिस्टन सगळी हवा बाहेर काढू शकत नाही. आपल्याला हवा आहे तो 'एफएडी', म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी मोकळी हवा. तो पहिल्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश निघतो. विक्रेत्याला सांगता आला नाही, तर हातातल्या घड्याळानं काढा. टाकीचा नळ बंद ठेवून दाब चारपासून आठ बारपर्यंत चढायला किती वेळ लागतो ते पाहा. पन्नास लिटरच्या टाकीत चार बार चढले, म्हणजे दोनशे लिटर हवा भरली. त्याला दोन मिनिटं लागली, तर दम मिनिटाला शंभर लिटर. चार मिनिटं लागली, तर पन्नास. बॉइलच्या नियमावर चालणाऱ्या या परीक्षेपुढे कागदावरचे मोठे आकडे टिकत नाहीत.

दमाची हाव धरतानाही घरची वीज विसरू नका. साध्या घरगुती जोडणीवर दोन हॉर्सपॉवरच्या आसपासचं यंत्र सोयीचं. मोटर सुरू होताना काही पट वीज ओढते, म्हणून त्याला स्वतंत्र जाड वायर आणि चांगलं अर्थिंग हवं. दोन हॉर्सपॉवरचं यंत्र अखंड तासभर चालवलं, तर दोन युनिटांच्या आतबाहेर वीज जाते. अशा यंत्राला साधारण पाच-सहा सीएफएम दम असतो. खिळे, साफसफाई आणि कमी हवेची स्प्रे गन एवढ्यांना तो पुरतो. सँडर विजेचाच घ्या.

तेलाचा घ्यावा की बिनतेलाचा, हाही प्रश्न असतो. तेलाचा जास्त टिकतो, पण हवेबरोबर तेलाचा अंश येऊ शकतो, आणि पॉलिशवर तो बारीक गोल खड्डे पाडतो. पॉलिश करणार असाल, तर नळावर चांगला गाळणीचा डबा बसवा. बिनतेलाचे कित्येक जण फार ओरडतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी यंत्र प्रत्यक्ष चालू करून ऐकल्याशिवाय घेऊ नये.

यापुढची गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण तिथं पैशांपेक्षा मोठं काही पणाला लागलेलं असतं. दाबलेली हवा पाणी सोडते. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात हवा दमट असते. तीस अंश तापमानाला आणि ऐंशी टक्के आर्द्रतेला मिनिटाला शंभर लिटर हवा सात बारपर्यंत दाबत तासभर यंत्र चालवलं, तर हवा निवल्यावर सुमारे १२० मिलिलिटर पाणी निघतं. चहाचा एक कप भरून. त्यातलं पुष्कळसं टाकीच्या तळाशी साचतं आणि पत्रा आतून गंजत जातो. बाहेरचा रंग चकाकत राहतो, म्हणून कळत नाही. आणि अशी टाकी एक दिवस फुटते ती बॉम्बसारखी. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यात दाबाखालच्या यंत्रांबद्दल स्वतंत्र कलम होतं, कारखान्यांत ठराविक मुदतीनं तपासणी होते. आपल्या गच्चीवर कुणी निरीक्षक येत नाही. तो आपणच व्हायचं. काम संपलं की दाब उतरवून तळाचा नळ उघडून पाणी काढून टाका. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी मधूनमधून ओढून तो सुटतो ना ते पाहा, आणि तो फुसफुसतो म्हणून कधीही बंद करू नका. जुनी टाकी स्वस्तात मिळाली, तरी पाण्यानं दाब-चाचणी केल्याशिवाय घेऊ नका. आणि पाण्याचे पीव्हीसी नळ हवेसाठी वापरू नका. ते फुटले की त्यांच्या काचेसारख्या चिरफळ्या उडतात.

दुसरा धोका नाकातोंडातला. हवेच्या ड्रिलनं बोगदे आणि खाणी झपाट्यानं खणल्या, पण दगडाच्या धुळीनं असंख्य खाणकामगारांची फुप्फुसं निकामी झाली. अमेरिकेतल्या खाणकामगारांनी त्या ड्रिलला 'विधवा करणारं यंत्र' असंच नाव ठेवलं होतं. पुढं ड्रिलमधून पाणी सोडण्याची पद्धत आली, तेव्हा धूळ बसू लागली. आपली धूळ लाकडाची असली, तरी ती निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. त्यामुळे हवेच्या झोतानं बाक आणि कपडे झटकण्याची सवय सोडून द्या. बारीक भुसा त्यानं तासन् तास खोलीत तरंगत राहतो. तो ओढून घेणारं यंत्र वापरा. झोत फक्त हत्यारांच्या सांदीकोपऱ्यांपुरता, आणि तोही मोकळ्या जागेत, तोंडावर मास्क बांधून. पॉलिश फवारताना कॉम्प्रेसर दूर ठेवा. त्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडते आणि थिनरची वाफ पेट घेते.

तेव्हा मंडळी, दुकानात जाण्याआधी घरी एक कागद घ्या आणि आपण हवेवर काय काय करणार ते लिहा. घोट घेणारी कामं एका बाजूला, अखंड पिणारी दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू कोरी असेल, तर लहान यंत्रावर समाधान माना, उरलेल्या पैशांत चांगल्या पटाशा येतील. कोरी नसेल, तर त्यातलं सर्वांत तहानलेलं हत्यार कोणतं ते पाहा आणि त्याला मिनिटाला किती हवा लागते तो आकडा खाली मोठ्या अक्षरांत लिहा. तो कागद खिशात, घड्याळ मनगटावर, आणि मगच विक्रेत्याला यंत्र सुरू करायला सांगा.